गणिताचे मास्तर आणि सरकारचे बजेट

पंचांगात नसलेला एक सण आमच्या घरी दर वर्षी साजरा होतो. २०१७ पासून तो पहिल्या फेब्रुवारीला येतो. त्याआधी महिनाअखेर येत असे. त्या दिवशी सकाळी अकराच्या सुमारास मी टीव्हीसमोर ठाण मांडून बसतो, अर्थमंत्री बोलू लागतात, आणि स्वयंपाकघरातून पहिला प्रश्न येतो, "अहो, काय स्वस्त झालं?" दुसरा प्रश्न त्याहून भेदक असतो, "आणि तुमच्या पगारावर किती कापणार?" या दोन प्रश्नांची उत्तरे मिळाली की आमच्यापुरते देशाचे अंदाजपत्रक मंजूर होते. बाकीचे कोटी आणि लक्षकोटी ऐकून घ्यायचे आणि सोडून द्यायचे.

पण गेल्या वर्षी या सणाच्या आदल्याच दिवशी एक गंमत झाली. सौभाग्यवतींची जमाखर्चाची वही टेबलावर उघडी पडली होती. मी सहज डोकावलो तो महिनाअखेरीस चक्क अठराशे रुपये शिल्लक! मी तोंड भरून अभिनंदन केले. त्यावर तिने माझ्याकडे असे काही पाहिले की मला माझे शाळेतले गणिताचे मास्तरच आठवले.

"शिल्लक कसली डोंबलाची! चिरंजीवांची दाढ तीन आठवडे ठणकतेय, डॉक्टरांकडे जायचं राहिलंय. सासूबाईंच्या चष्म्याचा नंबर बदललाय, तो राहिलाय. करायचं ते केलं नाही म्हणून पैसे उरलेत. याला शिल्लक नाही म्हणत, अहो. याला आबाळ म्हणतात."

मी वही मिटली आणि गप्प बसलो. गप्प बसायचे कारण असे की नेमका हाच मुद्दा, फार मोठ्या दरबारात आणि फार मोठ्या रकमेबद्दल, एका पुणेकर मास्तरांनी सव्वाशे वर्षांपूर्वी मांडला होता, हे मला ठाऊक होते. ते मास्तर म्हणजे नामदार गोपाळ कृष्ण गोखले.

२६ मार्च १९०२, बुधवार. कलकत्त्यात व्हाइसरॉयांच्या कायदे कौन्सिलाची बैठक भरली होती. अध्यक्षस्थानी स्वतः लॉर्ड कर्झन. फडणिशी सांभाळणारे सभासद सर एडवर्ड लॉ यांनी त्या साली जे अंदाजपत्रक आणले होते, त्यात सात कोटी रुपयांची शिल्लक होती. हिंदुस्थान सरकारच्या तिजोरीत एवढी शिल्लक त्यापूर्वी कोणी पाहिली नव्हती. साहजिकच अभिनंदनाची भाषणे झाली. नंतर पस्तीस वर्षांचा एक नवा सभासद उभा राहिला. फिरोजशहा मेहतांनी प्रकृतीमुळे सोडलेल्या जागेवर तो मुंबई इलाख्यातून निवडून आला होता. त्याने पहिल्याच वाक्यात सांगितले की या अभिनंदनात सामील होणे आपल्या सदसद्विवेकबुद्धीला पटत नाही.

आजच्या वाचकाला यात विशेष ते काय, असे वाटेल. विरोधी सभासद विरोध करणारच. पण त्या कौन्सिलाचे स्वरूप ध्यानात घेतले पाहिजे. १८९२ च्या कायद्याने सभासदांना अंदाजपत्रकावर बोलण्याची मुभा मिळाली होती. मत देण्याची नव्हती. एखादी रक्कम कमी करा, वाढवा, असा साधा ठरावसुद्धा मांडता येत नसे. अंदाजपत्रक आधी ठरलेले, चर्चा मार्चच्या अखेरीस, आणि एप्रिलच्या पहिल्या तारखेपासून नवे वर्ष सुरू! लग्न लागल्यानंतर वधूवरांच्या पत्रिका जुळतात की नाही हे सांगण्यासाठी गुरुजींना बोलवावे, तसला हा प्रकार. बहुतेक सभासद लिहून आणलेली भाषणे वाचीत, सरकार ती ऐकून घेई, आणि संध्याकाळी सारे आपापल्या घरी जात. अशा ठिकाणी, हातात एकही मत नसताना, माणसाने करायचे तरी काय?

गोखल्यांनी गणित केले.

त्यांचा युक्तिवाद मी माझ्या बायकोला समजावून सांगितला तसाच येथे सांगतो. तिला तो दोन मिनिटांत कळला. सर एडवर्ड लॉ यांना पटायला वर्ष लागले.

त्या काळी हिंदुस्थान सरकारला दर साल सुमारे पावणेदोन कोटी पौंड विलायतेत भरावे लागत. कर्जाचे व्याज, रेल्वे कंपन्यांचे देणे, पेन्शनी, लष्करी सामान आणि लंडनच्या कचेरीचा खर्च, असे त्यात बरेच काही येई. हा पैसा इथे रुपयांत गोळा व्हायचा आणि तिकडे पौंडांत चुकता व्हायचा. रुपया चांदीचा, आणि चांदी जगभर घसरत चाललेली. १८९४-९५ च्या सुमारास रुपया तेरा पेन्सांपर्यंत उतरला, म्हणजे एका पौंडाला जवळजवळ साडेअठरा रुपये पडू लागले. ही हुंडणावळ भरून काढण्यासाठी सरकारने करांमागून कर बसवले. १८८८ साली मिठावरचा कर मणाला दोन रुपयांवरून अडीच रुपये झाला तो याच ओढाताणीच्या दिवसांत.

पुढे काय झाले? १८९३ साली सरकारने टांकसाळी लोकांना बंद केल्या. तोपर्यंत कोणीही चांदी नेऊन द्यावी आणि रुपये पाडून घ्यावेत अशी वहिवाट होती. ती थांबली, रुपयांचा पुरवठा आखडला आणि रुपया हळूहळू सोळा पेन्सांवर येऊन स्थिरावला. आता एका पौंडाला पंधराच रुपये. पौंडामागे साडेतीन रुपये वाचले. पावणेदोन कोटी पौंडांवर किती वाचले? सहा कोटींच्या घरात! पाटी-पेन्सिल घेऊन कोणीही पडताळून पाहावे.

गोखल्यांचे म्हणणे एवढेच की, हुंडणावळीचे संकट आले म्हणून तुम्ही कर बसवलेत. ते संकट टळले. मग कर का टळले नाहीत? मधल्या काळात १८९६-९७ आणि १८९९-१९०० असे दोन भयंकर दुष्काळ पडून गेले, प्लेग चालू आहे, माणसे मरताहेत, आणि तिजोरी मात्र फुगतेच आहे. ही शिल्लक प्रजेच्या भरभराटीची खूण नव्हे. ती गरजेहून जास्त कर घेतल्याची खूण आहे. खजिना आणि प्रजा यांची प्रकृती एकच असते हे गृहीतच चूक, असे त्यांनी आकड्यांनी दाखवले. शिल्लक नव्हे, आबाळ! आमच्या सौ.ने गोखले वाचलेले नाहीत, पण काही सत्ये वाचावी लागत नाहीत.

त्या भाषणातला मिठाचा भाग मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. कारण तिथे पैशाचा हिशेब आरोग्याच्या हिशेबाला जाऊन भिडतो. मीठ ही चैनीची वस्तू नाही. राजाला लागते तेवढेच, किंबहुना उन्हात घाम गाळणाऱ्या कुणब्याला जास्तच लागते. वैद्यांच्या मते माणशी वर्षाला वीस पौंड मीठ पोटात जायला हवे, आणि प्रत्यक्षात हिंदुस्थानात जेमतेम दहा पौंड जाते, असे गोखल्यांनी मांडले. ब्रह्मदेशात कर मणाला एकच रुपया होता; तिथे खप पुष्कळ जास्त. म्हणजे लोकांना मीठ नको होते असे नाही, परवडत नव्हते.

मी एक छोटासा हिशेब करून पाहिला. पाच माणसांचे कुटुंब, माणशी दहा पौंड, म्हणजे वर्षाला पन्नास पौंड मीठ. तेव्हाचा मण ब्याऐंशी पौंडांचा. अडीच रुपये दराने या कुटुंबावर नुसता कर पडे दीड रुपया. तुम्ही म्हणाल, दीड रुपया म्हणजे काय! पण कर्झनसाहेबांच्या सरकारचाच अंदाज असा होता की हिंदी माणसाचे सरासरी उत्पन्न वर्षाला तीस रुपये आहे. दादाभाई नौरोजींचा जुना अंदाज तर वीस रुपयांचा होता. पाच माणसांचे दीडशे रुपये धरले तर शंभरातला एक रुपया फक्त मिठाच्या करात गेला, आणि तोही निम्मेच मीठ खाऊन. पुरेसे मीठ खाल्ले असते तर तीन रुपये! शिवाय ही सरासरी झाली. मजुराच्या झोपडीत सरासरीएवढेही नव्हते.

आता हे आकडे आले कुठून? इथे मला एका विसरल्या गेलेल्या गृहस्थांची आठवण करून द्यायची आहे.

गोखल्यांचे गुरू न्यायमूर्ती रानडे, हे सर्वांना माहीत असते. सार्वजनिक सभेच्या अर्जांचे मसुदे करताना रानड्यांनी या तरुणाला तासून घेतले. एकदा गोखले वैतागून म्हणाले, एवढे कष्ट करून आपण हे अर्ज पाठवतो आणि सरकार दोन ओळींची पोच देऊन मोकळे होते. रानड्यांनी समजावले की हे अर्ज नावापुरते सरकारला असतात. खरे ते लोकांसाठी असतात. या देशात लोकांनी कारभाराचा विचार करायला शिकायचे आहे, आणि ते शिकायला वेळ लागतो. ही आठवण गोखल्यांनीच पुढे सांगितली आहे.

पण रानड्यांच्या बरोबरीने गोखल्यांना आकड्यांची दारुगोळ्याची कोठारे उघडून दिली ती गणेश व्यंकटेश जोशी यांनी. हे सरकारी हायस्कुलांतले हेडमास्तर; सोलापुरास त्यांनी बरीच वर्षे काम केले. सरकारी नोकरीमुळे व्यासपीठावर येता येत नसे. दिवसभर शाळा, आणि रात्री सरकारचेच अहवाल, जमीनमहसुलाचे, आयात-निर्यातीचे, लष्कराचे, घेऊन बसायचे. कोणत्या साली कोणत्या खात्यावर किती खर्च झाला हे त्यांना घरच्या किराणा यादीसारखे पाठ. १८९७ साली विलायतेत वेल्बी कमिशनपुढे साक्ष द्यायला जाण्यापूर्वी गोखल्यांनी जोश्यांना पत्रांवर पत्रे पाठवून टिपणे मागवली. कौन्सिलातल्या भाषणांच्या वेळीही तेच. कलकत्त्याच्या भपकेबाज दालनात व्हाइसरॉयासमोर जे आकडे घुमत, त्यातले कितीतरी सोलापूरच्या एका हेडमास्तरांच्या दिव्याखाली जुळलेले असत. शिक्षकांचा पगार किती असावा यावर आजकाल बरीच चर्चा होते. त्या चर्चेत जोशीमास्तरांचे नाव निघालेले मी तरी ऐकलेले नाही.

आणि गोखले स्वतः तरी कोण? मास्तरच! रत्नागिरी जिल्ह्यातल्या कोतळूकचा जन्म, १८६६ सालचा. वडील लवकर गेले. थोरले बंधू गोविंदराव यांनी शिक्षण सोडून पंधरा रुपयांची नोकरी धरली आणि त्यातले आठ रुपये दरमहा धाकट्या भावाला शिकायला पाठवले. पंधरातले आठ! उरलेल्या सातांत एक संसार. एकदा एका मित्राने या मुलाला नाटकाला नेले आणि मागाहून तिकिटाचे दोन आणे मागितले, तेव्हा ते फेडण्यासाठी याने दिव्याचे तेल वाचवून रस्त्यावरच्या कंदिलाखाली अभ्यास केला, अशी गोष्ट सांगतात. आपल्याकडे प्रत्येक थोर पुरुषाला एकदा तरी रस्त्याच्या दिव्याखाली बसावेच लागते, हे मला मान्य. पण या गोष्टीतले दोन आणे मला खरे वाटतात. पुढे न्यू इंग्लिश स्कूल आणि फर्ग्युसन कॉलेजात आजीव सभासद म्हणून दरमहा पंचाहत्तर रुपयांवर त्यांनी शिकवले. त्यांनी केलेले अंकगणिताचे पाठ्यपुस्तक शाळांतून वर्षानुवर्षे चालले. सरकारला अपूर्णांक समजावून देण्याआधी त्यांनी ते पुण्याच्या पोरांना समजावून दिले होते.

या आकडेप्रेमाला एक जखमही होती. वेल्बी कमिशनपुढची त्यांची साक्ष गाजली. तीस वर्षांचा तरुण, आणि मुरब्बी इंग्रज अधिकाऱ्यांच्या उलटतपासणीला पुरून उरला. पण नेमके त्याच वेळी इकडे पुण्यात प्लेगने आणि प्लेगच्या बंदोबस्ताने थैमान घातले होते. घरोघर गोरे शिपाई तपासणीला शिरत होते. पुण्याच्या स्नेह्यांची पत्रे विलायतेत गोखल्यांच्या हाती पडली. त्यांत स्त्रियांवरच्या अत्याचारांच्या भयंकर हकीकती होत्या. गोखल्यांनी त्या तिथल्या पार्लमेंटच्या सभासदांना सांगितल्या, वर्तमानपत्रात दिल्या. मुंबईला परतल्यावर पुरावा मागितला गेला. ज्यांनी पत्रे लिहिली ते पुढे यायला तयार होईनात, आणि त्यांची नावे सांगायला गोखले तयार होईनात. अखेर त्यांनी जाहीर माफी मागितली. २२ जूनला रँडवर गोळी झाडली गेली होती, वातावरण तापलेले. लोकांनी गोखल्यांना भित्रा ठरवले. त्या साली अमरावतीच्या काँग्रेसमध्ये त्यांना बोलूसुद्धा दिले गेले नाही.

माफी मागावी की मागू नये यावर महाराष्ट्रात पन्नास वर्षे वाद झाले, मी त्यात पडत नाही. मला दिसते ते इतकेच की त्यानंतरच्या गोखल्यांच्या भाषणांत पुराव्यावाचून एक वाक्य सापडणे कठीण. आकडे बहुधा सरकारच्याच पुस्तकांतले. म्हणजे पुरावा द्यायची जबाबदारीही सरकारवरच! दुधाने तोंड पोळलेला माणूस ताक फुंकून पितो तसे ते असेल. आणि दुसरे असे की माफी मागून ते घरी बसले नाहीत. पुण्यात प्लेगच्या निवारणाच्या कामात स्वयंसेवक म्हणून ते स्वतः हिंडले. पुढे पुण्याच्या नगरपालिकेचे अध्यक्षपदही त्यांनी सांभाळले. म्हणजे गटारे, नळ, कचरा आणि अपुरा पैसा यांचा संसार काय असतो हे त्यांनी जवळून पाहिले होते.

म्हणूनच कौन्सिलात आरोग्यावर बोलताना त्यांच्या बोलण्यात नुसती कळकळ नसे, कारभाराची माहिती असे. दर साली शिल्लक उरते, तिचे सरकार काय करते? रेल्वे बांधते. रेल्वे बांधावी, पण ती कर्ज काढून बांधावी, असे गोखल्यांचे म्हणणे. कारण रेल्वे टिकते पन्नास-शंभर वर्षे, आणि तिचे उत्पन्न पुढे येत राहते. आजच्या गरीब रयतेच्या मिठाच्या करातून ती का बांधायची? ती शिल्लक नगरपालिकांना आणि लोकल बोर्डांना द्या. दुष्काळाने आणि प्लेगने त्यांच्या तिजोऱ्या कोरड्या पडल्या आहेत. त्यांना स्वच्छ पाणी आणायचे आहे, गटारे बांधायची आहेत, दवाखाने उघडायचे आहेत, आणि हे सारे त्यांच्या कुवतीबाहेरचे आहे. शिक्षणाचेही तेच. हा धोशा त्यांनी साल दर साल लावला. १९०८ च्या सुमारास शहरांच्या स्वच्छतेसाठी अंदाजपत्रकात वेगळी रक्कम दिसू लागली. गरजेच्या मानाने ती थोडी होती, पण खातेवहीत नवे पान उघडले खरे.

लष्करावरच्या खर्चाबद्दल त्यांनी दर वर्षी तक्रार केली आणि सरकारने दर वर्षी ती कानाआड केली. त्याबद्दल अधिक लिहिण्यासारखे नाही.

रुपयांच्या नाण्याचा प्रश्न मात्र सांगितलाच पाहिजे; तो जरा किचकट आहे, पण ज्यांच्या घरी दागिने आहेत त्यांना कळायला अडचण पडू नये. १९०८ साली महागाई इतकी वाढली की सगळीकडे ओरड सुरू झाली. पीक बुडाले म्हणून महागाई, असे सरकार म्हणे. गोखल्यांनी दुसरेच कारण पुढे केले. १८९८ पूर्वी देशात सुमारे १३० कोटी रुपयांची नाणी होती असा एका तज्ज्ञाचा अंदाज होता. त्यानंतरच्या दहा वर्षांत सरकारने त्यात १०० कोटींहून जास्त भर घातली. पूर्वी टांकसाळी खुल्या होत्या तेव्हा रुपयातली चांदी रुपयाच्याच किमतीची असे. जास्तीचे रुपये झाले की लोक ते वितळवून वाळे-तोडे करीत, आणि बाजारातली नाणी आपोआप कमी होत. आता रुपयातली चांदी रुपयाहून स्वस्त. मग तो वितळवून कोण नुकसान करून घेईल? तेव्हा पाडलेला प्रत्येक रुपया बाजारातच फिरत राहतो आणि भाव चढवतो. सरकारच्या हाती नाणी पाडायची मोकळीक आली, पण तिला लगाम कोण घालणार, असा हा सवाल. त्यांनी चौकशीची मागणी केली. केन्स हे इंग्रज अर्थशास्त्रज्ञ पुढे जगप्रसिद्ध झाले; १९१३ सालच्या हिंदी चलनावरच्या आपल्या पुस्तकात त्यांनी गोखल्यांच्या या युक्तिवादाची दखल घेतली.

हिशेबतपासणीबद्दलही त्यांचे असेच म्हणणे. जो खर्च करतो त्याच्याच हाताखालच्या माणसाने हिशेब तपासावा, याला काय अर्थ? विलायतेत तपासनीस पार्लमेंटला जबाबदार असतो, तसा स्वतंत्र तपासनीस इथेही हवा. आपल्या घटनेने नियंत्रक व महालेखापरीक्षकाला स्वतंत्र स्थान दिले ते १९५० साली. गोखल्यांची मागणी वेल्बी कमिशनपासूनची!

आता सरळ प्रश्न. या सगळ्याचा उपयोग काय झाला?

१९०३ साली मिठाचा कर मणाला अडीच रुपयांवरून दोन रुपये झाला. त्याच साली पाचशे रुपयांवर लागणारा प्राप्तिकर हजारावर गेला, आणि लहान कारकून-मास्तर मंडळी सुटली. १९०५ साली मिठाचा कर दीड रुपया, १९०७ साली एक रुपया. पहिल्या भाषणात मागितलेल्या सवलतींपैकी या दोन अशा रीतीने पदरात पडल्या. गिरणीच्या कापडावरचा साडेतीन टक्क्यांचा जाचक कर मात्र हलला नाही.

पण हे सारे गोखल्यांनी केले, असे म्हणणे भाबडेपणाचे होईल. तिजोरी ओसंडून वाहत होती. खुद्द कर्झनच्या मनात दिल्लीच्या १९०३ च्या दरबारात करमाफी जाहीर करायची होती. लंडनने नको म्हटले म्हणून ती मार्चवर गेली. तेव्हा श्रेयाची वाटणी करायची तर कर्झनलाही वाटा द्यावा लागेल, आणि गोखल्यांनी तो खुशाल दिला असता. त्यांचे काम निराळे होते. शिल्लक पडली असता पहिला हक्क कोणाचा, हा प्रश्न त्यांनी अशा रीतीने टेबलावर ठेवला की तो पुन्हा कोणाला उचलता येईना. सर गाय फ्लीटवुड विल्सन हे पुढचे फडणीस तर त्यांचे स्नेही झाले. टिळकपक्षाला हे स्नेहसंबंध रुचत नसत. साहेबांच्या दालनात सभ्य भाषेत गणिते सोडवून स्वराज्य मिळत नाही, हा जहालांचा आक्षेप; आणि तो खोटा होता असे म्हणवत नाही. मत नसलेल्या सभासदाला शेवटी दाता जेवढे देईल तेवढ्यावरच समाधान मानावे लागते.

हे गोखल्यांनाही कळून चुकले ते १९१२ साली. सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचे त्यांचे बिल, १६ मार्च १९११ रोजी मांडलेले, पैशाच्या तरतुदीसकट काळजीपूर्वक जुळवलेले. एव्हाना मोर्ले-मिंटो सुधारणांनी कौन्सिल मोठे झाले होते, मते घेतली जात होती. मते पडली तेरा विरुद्ध अडतीस. बिल पडले. पडणार हे त्यांना आधीच दिसत होते आणि त्यांनी भाषणात तसे सांगितलेही.

मधुमेहाने शरीर पोखरले होते. १९ फेब्रुवारी १९१५ रोजी, अठ्ठेचाळिसाव्या वर्षी ते गेले. टिळक सिंहगडावर होते. ते धावत खाली आले आणि स्मशानात आपल्या जन्माच्या प्रतिस्पर्ध्याबद्दल चार गौरवाचे शब्द बोलले. सोलापूरचे जोशीमास्तर त्याआधी चार वर्षे, १९११ साली वारले होते.

मिठाचे पुढे काय झाले, हे सौ.ने विचारले म्हणून सांगतो. लढाईच्या खर्चासाठी १९१६ साली कर एक रुपयावरून सव्वा रुपया झाला. १९२३ साली अंदाजपत्रकाला तूट आली आणि सरकारने तो दुप्पट, पुन्हा मणाला अडीच रुपये करायचे ठरवले, अगदी गोखल्यांच्या पहिल्या भाषणाच्या दिवशी होता तेवढाच. आता मध्यवर्ती कायदेमंडळात लोकांनी निवडलेले सभासद बहुसंख्य होते आणि त्यांना मत होते. त्यांनी ही वाढ फेटाळली. व्हाइसरॉय लॉर्ड रीडिंग यांनी आपल्या खास अधिकारात ती लागू केली. दुसऱ्या वर्षी कर सव्वा रुपयावर आला. ६ एप्रिल १९३० रोजी दांडीच्या किनाऱ्यावर, गोखल्यांना आपले राजकीय गुरू मानणाऱ्या गृहस्थांनी खाली वाकून चिमूटभर मीठ उचलले. मिठावरचा कर अंदाजपत्रकातून गेला तो १९४७ साली.

"आणि दाढेचं काय?" मी विचारले.

"उद्या सकाळी दहाची वेळ घेतलीय," ती म्हणाली, आणि वहीतल्या अठराशेवर काट मारली.